इंदूताईंचं चौथं पाणी

लातूरच्या रेणापूर नाक्यामागच्या वसाहतीत इंदूताईंच्या घरी एखाद्या पाहुण्यानं पेल्यात अर्धं पाणी तसंच ठेवलं, तर त्या त्याच्याकडे अशा बघायच्या की तो बिचारा पेला उचलून घटाघटा रिकामा करायचा. चिकट म्हणावं तर तसंही नाही. जेवायला बसलेल्याला आग्रह करकरून वाढतील, शेजारणीच्या लेकीच्या लग्नात पदर खोचून दोन दिवस लाडू वळत बसतील. पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

त्याला कारण होतं. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहून त्यांच्या पायांना फोड आले होते. एकदा भरलेली घागर घेऊन घराची पायरी चढताना पाय घसरला, घागर कलंडली आणि त्या ओल्या फरशीकडे बघत तिथंच बसून त्या हमसून रडल्या. पन्नाशीची बाई, नवरा उद्धवराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क, आणि घागरभर पाण्यासाठी रडते आहे, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं. पुढे पाऊस झाला, धरण भरलं, नळही आठ-दहा दिवसांनी का होईना यायला लागला. पण इंदूताईंच्या मनातला तो उन्हाळा काही सरला नाही.

त्यातूनच त्यांची चार पाण्यांची पद्धत जन्माला आली. नळाला आलेलं ताजं ते पहिलं पाणी, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं. चार दिवस झाले की ते दुसरं, अंघोळीचं. आठवडा झाला की तिसरं, कपड्यांचं आणि फरशीचं. आणि पुन्हा नळ यायच्या दिवशी ड्रमच्या आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या तळाशी जे उरे, जे बाकी सगळं जग डोळे मिटून गटारात ओततं, ते चौथं. ते जायचं कूलरमध्ये.

कूलर म्हणजे बेडरूमच्या खिडकीत बसवलेलं पत्र्याचं जुनं धूड. मार्चमध्ये सुरू झाला की जूनमध्येच बंद व्हायचा. मधल्या काळात त्यातलं पाणी कधी काढलं जात नसे, वरून फक्त भर पडायची. तळाला बोटभर गाळ, आतल्या पत्र्यावर हिरवा बुळबुळीत थर, गवताचे पडदे जागोजागी फाटलेले, त्यामुळे पंखा फिरला की पलंगापर्यंत बारीक तुषार यायचे. उन्हाळ्यात ते तुषार अंगावर घ्यायला उद्धवरावांना फार आवडे. इंदूताई दर भरीला पाण्यात तुरटीचा खडा फिरवत, वाळ्याची जुडी टाकत. पाणी वरून नितळ दिसे, खोलीत वास दरवळे. नितळ दिसतं ते स्वच्छच असतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती आणि गल्लीत दुसऱ्या कुणालाही नव्हती.

यंदा महिला दिनाला बचत गटाच्या बैठकीत त्यांना ही पद्धत समजावून सांगायला बोलावलं. त्या इतक्या ठसक्यात बोलल्या की बायकांनी वह्या काढून लिहून घेतलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. पंधरा-वीस घरांत चौथं पाणी सुरू झालं. शेजारच्या गुरम्माबाई तर बैठकीहून घरी गेल्या त्या थेट ड्रमच उपसायला लागल्या. त्यांचे यजमान शिवप्पा किडनीच्या दुखण्यानं खाटेला खिळलेले, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. त्यांच्या खाटेला लागूनच कूलर होता.

विरोध झाला तो एकाच माणसाचा. इंदूताईंची लेक मृण्मयी नांदेडला शाळेत शिकवते. शिमग्याला माहेरी आली, बेडरूममध्ये पाऊल टाकलं आणि नाक मुरडलं.

"आई, कूलरला वास मारतोय. सगळं पाणी काढ, तळ घासून घे आणि मगच लाव."

"तुमच्या दाराशी गोदावरी आहे बाई. तुम्हाला बोलायला काय जातंय?" इंदूताई म्हणाल्या, आणि विषय तिथंच मिटला.

मेच्या पहिल्या आठवड्यात उद्धवरावांना ताप भरला. वय चौसष्ट, अंगात पंधरा वर्षांची साखर. शिवाय दहा वर्षांपूर्वी शपथ घेऊन सोडलेली सिगारेट ते रोज संध्याकाळी गच्चीवर टाकीच्या आडोशाला बसून ओढत. आपलं हे गुपित जगाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. इंदूताईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण संसारात एखादी गोष्ट न दिसल्यासारखी करावी लागते. ऊन लागलं असेल म्हणून कांद्याचा रस झाला, पन्हं झालं. त्यातच दोन दिवस जुलाब झाले. मग कोरडा खोकला सुरू झाला आणि ताप उतरायचं नावच घेईना.

"अगं, त्या कूलरचा वास येतोय," तिसऱ्या दिवशी ते पडल्या पडल्या म्हणाले.

"तापात तोंडाची चव जाते आणि नाकाचंही तसंच होतं," इंदूताईंनी सांगितलं, आणि अंगाची आग कमी व्हावी म्हणून कूलर आणखी जोरात लावला.

लातुरात दाखवलं. छातीच्या फोटोत उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया दिसला. दवाखान्यात ठेवून न्यूमोनियाला नेहमी देतात ती इंजेक्शनं सुरू केली. पाच दिवस झाले तरी फरक पडेना, उलट दम लागायला लागला. मृण्मयी गाडी घेऊन आली आणि म्हणाली, नांदेडला नेऊ, माझ्या डोळ्यांसमोर राहतील. गाडीत मागच्या सीटवर ऑक्सिजनची नळी लावलेले उद्धवराव इंदूताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून होते. अहमदपूर आलं तसे ते उठून बसायची धडपड करायला लागले.

"मुदखेड आलं. उतरायचंय मला. साहेब वाट बघत असतील."

मुदखेडला त्यांची पहिली नेमणूक होती, चाळीस वर्षांपूर्वीची. इंदूताईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "अहो, अहमदपूर आहे हे," त्या म्हणाल्या. उद्धवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ओळख काही डोळ्यांत आली नाही. तापाचं एक वेळ समजतं, पण बायकोला न ओळखणारा हा माणूस कोण, असं इंदूताईंना झालं.

नांदेडच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात त्यांना ठेवलं. डॉक्टर होत्या बुद्धप्रिया मॅडम, पस्तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी इंदूताईंना आणि मृण्मयीला बाहेरच्या बाकावर बसवलं, स्वतः समोर स्टूल घेतलं आणि एकेक विचारायला लागल्या. गावाला कुठं गेला होता का? घरात कुणाला टीबी होता का? कबुतरं पाळता का? सिगारेट, तंबाखू?

"सोडली. दहा वर्षं झाली," मृण्मयीनं सांगितलं. इंदूताई गप्प राहिल्या.

"घरी कूलर आहे का?"

"आहे."

"पाणी किती दिवसांनी बदलता? तळ घासता?"

मृण्मयीनं आईकडे पाहिलं. तेवढंच झालं. शिमग्याचं ते बोलणं इंदूताईंना आठवलं. बैठकीतली शाल आठवली. कूलरमध्ये घाण पाणी ठेवणारी गबाळी बाई म्हणून या पोरीसमोर आणि परक्या डॉक्टरसमोर उभं राहणं त्यांच्या जिवावर आलं.

"दर दोन दिवसांनी बदलते," त्या म्हणाल्या. "घासूनपुसून. तुरटी फिरवून."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मग मी आधी टीबीकडे बघते. साखर असली की तो आपल्याकडे पहिल्यांदा बघावा लागतो. आणखी एक औषध माझ्या डोक्यात होतं, पण टीबी असताना ते दिलं तर टीबी झाकला जातो, तपासणीत सापडत नाही. म्हणून तपासण्या होईपर्यंत ते थांबवते. आत्ताची इंजेक्शनं बदलून बघू."

इंदूताईंना त्यातलं निम्मं कळलं. पण 'थांबवते' हा शब्द त्यांच्या कानात अडकून बसला. आपण सांगितलं म्हणून काहीतरी थांबलंय, एवढं त्यांना समजलं. आत्ता उठून सांगावं, असं मनात आलं. पण डॉक्टर तोवर दुसऱ्या पेशंटकडे गेल्या होत्या, आणि मृण्मयी म्हणाली, "चल आई, चहा घे." त्या चहाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन वाढवला. रक्तातलं मीठ उतरलं होतं, म्हणून बडबड चालू होती. अकराच्या भेटीला आत सोडलं तेव्हा उद्धवराव छताकडे बघत कुठल्यातरी कालव्याचं मोजमाप सांगत होते. बाहेर आल्यावर इंदूताई बाकावर बसून देवाला साकडं घालायला लागल्या. पण त्यातही देवाला खरं सांगावं लागे, आणि ते सांगितलं की पुढचं मागणं तोंडातून निघेना. कूलरचा आणि छातीच्या दुखण्याचा संबंध असेलच कसा, असं त्या मनाला समजावत. ते पाणी काही उद्धवरावांनी प्यायलं नव्हतं. मग डॉक्टरांनी विचारलं कशाला?

संध्याकाळी गुरम्माबाईंचा फोन आला.

"भाऊजी कसे हायत? मी रोज दिवा लावून राहिले बगा. आन् इकडं ऊन लई हाय. ह्यांना कूलरबिगर जरा बी चैन पडंना. तुमचं चौथं पाणी कामाला आलं बगा, ताई."

इंदूताई "हं" म्हणाल्या. सांगायचं तरी काय, आपल्यालाच अजून नीट माहीत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि ते त्यांना पटलंही.

तिसऱ्या दिवशी अकराला त्या आत गेल्या तेव्हा उद्धवरावांच्या तोंडावर मोठा मास्क होता. छाती भात्यासारखी चालली होती. नर्स म्हणाली, बोलू देऊ नका. पण त्यांनीच डोळे उघडले, इंदूताईंकडे पाहिलं आणि या वेळी ओळखलं. मास्कच्या आतून तुटक आवाज आला.

"इंदू. कूलर बंद कर. वास येतोय गं."

तिथं कूलर नव्हता, खिडकीसुद्धा नव्हती. शुद्ध आली ती एवढं सांगायलाच आली होती, आणि त्यातही त्यांनी दोष दिला नव्हता, नुसती विनवणी केली होती. इंदूताई तशाच बाहेर आल्या, पायांत चपला होत्या की नाही तेही त्यांना कळलं नाही. डॉक्टर वऱ्हांड्यात मृण्मयीशीच बोलत होत्या. इंदूताईंनी जाऊन त्यांचा हात धरला.

"मॅडम, मी खोटं बोलले. आमच्या कूलरचं पाणी मार्चपासून काढलेलं नाही. त्यात ताजं पाणी मी कधी घालतच नाही, टाकीच्या तळाचं शिळं घालते. आत शेवाळ आहे, गाळ आहे. पडदे फाटलेत, तोंडावर तुषार येतात. आणि ते सिगारेट ओढतात. रोज ओढतात. मला माहीत आहे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं इंदूताईंना वाटलं. त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं आणि नर्सला हाक मारली. थांबवलेलं औषध अर्ध्या तासात सलाइनमधून सुरू झालं. लघवीचा नमुना एका खास तपासणीसाठी हैदराबादला गेला. टीबीची तपासणी तोवर आली होती, त्यात काही नव्हतं.

मग दुपारी डॉक्टरांनी बसवून समजावलं. पाण्यात राहणारा एक जंतू असतो. पाणी साचून राहिलं, उन्हानं कोमट झालं, तळाला गाळ आणि कडेला बुळबुळ झाली की तो तिथं वाढतो. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाही. तो सहसा पिण्यातून जात नाही. पाण्याचे बारीक कण श्वासातून आत गेले की छातीत उतरतो. नेहमीच्या इंजेक्शनांना तो दाद देत नाही. आणि एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही.

"पण मीही त्याच खोलीत झोपते," इंदूताई म्हणाल्या. "मला काही झालं नाही."

"तुम्हाला साखर नाही, तुम्ही सिगारेट ओढत नाही. ज्याचं वय झालंय, ज्याला साखर आहे, धुरानं छाती खराब झालीय, किडनी अधू आहे, त्याला हा गाठतो. बाकीच्यांना बऱ्याचदा काहीच होत नाही, म्हणून तर कुणाला संशय येत नाही. आता तो तुमच्या कूलरमधूनच आला की टाकीतून, हे पाणी तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण उपचार थांबवून वाट बघण्यात अर्थ नाही."

किडनी अधू हे दोन शब्द इंदूताईंना आरपार गेले. शिवप्पा त्यांच्या डोळ्यांसमोर आले, खाटेवर, कूलरकडे तोंड करून.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "परवा मी खरं सांगितलं असतं तर?"

"परवाच सुरू केलं असतं," डॉक्टर म्हणाल्या, आणि उठल्या.

"आई, गल्लीत फोन करून सांग सगळ्यांना," मृण्मयी त्या संध्याकाळी म्हणाली. एवढ्या दिवसांत ती आईला एक शब्द वेडंवाकडं बोलली नव्हती. इंदूताई "करते" म्हणाल्या. फोन हातात घेतला, गुरम्माबाईंचं नाव काढलं आणि पुन्हा बंद केला. फोनवर काय सांगणार? हैदराबादहून कागद येऊ दे, खात्री झाली की सांगू. कागद आला, त्यात तोच जंतू निघाला. मग त्यांनी ठरवलं, अशा गोष्टी समोरासमोर सांगाव्या, घरी गेल्यावर बघू. गुरम्माबाई फोनवर यजमानांची खुशाली सांगत, खोकला नाही, ताप नाही, आणि इंदूताई प्रत्येक वेळी सुटकेचा श्वास टाकून आणखी एक दिवस पुढे ढकलत. शिवप्पांनाही ते दुखणं लागेल ही भीती त्यांनी कुणालाही बोलून दाखवली नाही.

उद्धवराव मात्र सावरले. नवं औषध सुरू झाल्यापासून तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी मास्क निघाला, बाराव्या दिवशी गाडीत बसून ते लातूरला आले. वाळून निम्मे झाले होते, भिंत धरून चालत होते, पण अहमदपूरला अहमदपूर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका त्यांना भेटायला आल्या. बचत गटातल्याच सगळ्या, आठ-दहा जणी. गुरम्माबाई पुढे, हातात ज्वारीच्या आंबिलाचं पातेलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, आत पंखा गरम वारा टाकत होता. खिडकीतला कूलर मृण्मयीनं येऊन आधीच काढायला लावला होता आणि तिथं पुठ्ठा ठोकला होता.

"कूलर कामून काढला, ताई?" एकीनं विचारलं.

इंदूताई काही बोलायच्या आत उद्धवरावच बोलले. बरं झालेल्या माणसाला बोलायची हौस असते.

"कूलरनंच तर घात केला होता. डॉक्टरांना काही कळेना, आणि हिनं बरोबर ओळखलं. हिनंच सांगितलं त्यांना कूलरचं. हिच्यामुळे वाचलो मी, नाहीतर आज माझ्या फोटोला हार असता."

बायका कौतुकानं इंदूताईंकडे बघायला लागल्या. गुरम्माबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "आमच्या ताई म्हंजी हुश्शारच," त्या म्हणाल्या.

तो हात इंदूताईंना सोसवेना. दवाखान्यातली लाज एका डॉक्टरपुढची आणि लेकीपुढची होती. इथं सगळी गल्ली बसली होती, आणि यांतल्या प्रत्येकीच्या घरी आत्ता या घटकेला कूलर चालू होता. त्या उभ्या राहिल्या.

"मी ओळखलं नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पाणी बदलता का. मी बदलते म्हणून सांगितलं. मला लाज वाटली. यांचा श्वास वर लागला तेव्हा खरं बोलले. हे दुखणं त्या साचलेल्या पाण्यातनं येतं. तुरटीनं काही होत नाही. जे पाणी मी तुम्हाला कूलरमध्ये घालायला शिकवलं, त्यातनंच येतं. ज्याला साखर आहे, ज्याची किडनी गेलीय, त्याला आधी धरतं. मला हे बारा दिवसांपासून माहीत होतं आणि मी एकीलाही फोन केला नाही."

गुरम्माबाईंच्या हातात अजून पातेलं होतं. त्यांनी ते खाली ठेवायला जागा शोधली, मग तसंच ते इंदूताईंच्या हातात दिलं.

"ह्ये झोपलेत," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं कूलरम्होरंच झोपलेत. सकाळी जरा अंग कोमट लागलं, मी म्हनलं ऊन हाय."

आणि त्या वळल्या. साठीच्या पुढच्या, गुडघे धरलेल्या गुरम्माबाई चपला न घालता त्या उन्हात पळत सुटल्या. मग दुसरी उठली. मग सगळ्याच उठल्या. निरोप कुणीच घेतला नाही. पातेलं हातात धरून इंदूताई दारापर्यंत गेल्या. दोन घरं पलीकडे गुरम्माबाईंचं दार जोरात उघडल्याचा आवाज आला, आणि त्यांची हाक ऐकू आली, "अहो, उठा. अहो."

इंदूताई कान देऊन उभ्या राहिल्या. शिवप्पांचा आवाज आला नाही.

"किती दिवस लपवलंस डॉक्टरांपासून?" मागून उद्धवरावांनी विचारलं.

"दोन दिवस," इंदूताई म्हणाल्या, आणि पातेलं उंबऱ्यावर ठेवून त्याही गुरम्माबाईंच्या घराकडे धावल्या.